अक्षदाच्या खोलीतला दिवा

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी मी अक्षदाची खोली उघडली तेव्हा आत कुणी नव्हतं. निदान मला तसं वाटलं. खिडकी उघडली, जळमटं काढली, आणि केरसुणी घेऊन वाकले तर घोट्याला काहीतरी टोचलं. मग पोटरीला. लुगडं थोडं वर धरून बघते, तर पायांवर काळे तीळ सांडल्यासारखे दिसले, आणि ते तीळ उड्या मारत होते.

पिसवा. बंद खोलीत महिनाभर उपाशी बसल्या होत्या आणि मी दार उघडून आत पाऊल ठेवल्याबरोबर जाग्या झाल्या.

त्या कुठून आल्या हे मला विचारायची गरज नव्हती. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत माझा नेम असतो: जाणूनबुजून कुठला जीव मारायचा नाही आणि दारात आलेल्याला हाकलायचं नाही. श्रावणात एक करडी मांजर दारात आली. पोट जमिनीला टेकलेलं. अक्षदाच्या खाटेखाली जुन्या गोधड्यांचा गठ्ठा होता, त्यावर तिने पिल्लं घातली. मी रोज तिला दुधाची वाटी ठेवली. गणपतीच्या सुमारास एकेक पिल्लू मानेला धरून ती कुठेतरी निघून गेली, मी खोलीला कडी घातली, आणि गोधड्या तशाच राहिल्या.

"तुझ्या नेमाचीच पिल्लं ही," आमचे हे म्हणाले. हे रागावून बोलत नाहीत, हसून बोलतात, ते जास्त लागतं.

ती खोली बाळंतपणासाठी होती. अक्षदाचं पहिलं बाळंतपण. सातवा महिना लागला की दसऱ्याला तिला माहेरी आणायचं, हे तिच्या सासरच्यांशी बोलून ठरलं होतं. म्हणूनच तर मी झाडायला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमचे जावई, शेखर, मुरबाडहून खोलीत पंखा लावायला आले. वायरिंगचंच काम करतात ते. मी म्हटलं, आज नको, खोली अजून झाडून व्हायचीय. तर म्हणाले, "नाय आई, परत टाइम नाय मिळणार." स्टुलावर चढले, पॅन्ट दोन घड्या वर केलेली. थोड्या वेळाने डाव्या पायाने उजवा पाय घासायला लागले. मग उजव्याने डावा. स्टूल डुगडुगत होतं. जावई भले माणूस, एक शब्द बोलले नाहीत. चहाही उभ्यानेच प्यायले.

बोलल्या त्यांच्या आई. घटस्थापनेच्या सकाळी फोन आला.

"विहीणबाई, घट बसले का?"

"बसले. आत्ताच पहिली माळ चढवली."

"आमच्याकडंपण. बरं, शेखरच्या पायाला काय झालंय ते बघितलंत का तुमी? मला वाटलं गोवर निघाला! एवढ्या बाप्याला गोवर!" रंभाबाई खळखळून हसल्या. मी हसले नाही. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा, मी तोंडावर बोलते, राग मानू नका. पोटुशी पोर पिसवांच्या घरात मी नाय ठेवणार. दसऱ्याला मीच घेऊन येते तिला. त्या खोलीत बसून बघीन. एक जरी दिसली ना, तर सोनं द्यायचं, सोनं घ्यायचं आणि तिला घेऊन परत फिरायचं. बाळंतपण आमच्याकडंच. काय?"

"बरं," मी म्हटलं. माझं बोलणं एवढंच असतं. आत जे चाललं होतं ते फोनमधून ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

दुपारी अक्षदाचा फोन आला. तिकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्यांच्या आडून ती बोलत होती. "आई, पिसवा गेल्या का गो?"

"आज तर पहिली माळ आहे, बाय. जातील."

"मला तिकडंच यायचंय. इथं सगळी चांगली आहेत, नाय असं नाय. पण दुपारी आडवं व्हायला लाज वाटते. पाठ अशी मोडून येते ना…" मग जोरात म्हणाली, "हो, आले!" आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरला नाही.

नवरात्रात मी चप्पल घालत नाही आणि खाटेवर झोपत नाही, जमिनीवर घोंगडी टाकून निजते. दर वर्षी हे नेम अंगवळणी पडलेले असतात. या वर्षी मात्र अनवाणी पाय म्हणजे पिसवांना वाढलेलं ताट झालं. जप करताना माळेवरचा हात काढायचा नाही हाही माझा नेम. घोट्याला चावलं की मणी बोटांत घट्ट दाबायचा आणि पुढे सरकायचं. देवीपुढे बसायचं ते मन शांत व्हावं म्हणून, आणि माझं सगळं ध्यान घोट्यावर.

साईनाथ, माझा मुलगा, कसाऱ्याला हायवेच्या कामावर असतो. त्याने शहापुरातल्या फवारणीवाल्याला फोन लावला आणि येऊन मला सांगितलं, "आई, एकदम सोप्पं आहे. घर रिकामं करायचं, औषध मारायचं, अर्धा दिवस दारं बंद. खलास."

"घर रिकामं म्हणजे?"

"म्हणजे सगळं. भांडी, धान्य, देव."

"घट हलवायचा?"

"तात्पुरता गो. शेजारी नेऊन ठेवू. परत आणू."

"खुळा झालास काय?" हे ओटीवरून ओरडले. "बसलेला घट काय मिक्सर आहे, इथून उचलून तिथं लावायला?"

आमच्या घराला पुढे लाद्या आहेत, पण मागचं माजघर आणि अक्षदाची खोली अजून मातीचीच, सारवणाची. दोन्हींच्या मधे कुडाची भिंत, ती वर आढ्यापर्यंत जात नाही. माजघराच्या कोपऱ्यात देव, घट, अखंड दिवा. खोलीत काही फवारलं की ते घटावर येणारच. आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, दिव्याला सोडून घर बंद करून जायचं नाही. शिवाय त्या औषधाच्या वासात सातव्या महिन्याची पोर आणून कशी ठेवायची? साईनाथलाही ते पटलं. म्हणाला, "मग तुझी देवीच बघेल."

मला मारायच्या नव्हत्याच. मला त्या फक्त जायला हव्या होत्या. कुठेही जाऊ देत, रानात जागा काय कमी आहे?

निरगुडीचा पाला आणून खोलीत धूर केला. तेवढ्याने त्या रानात गेल्या नाहीत, कुडाखालून माजघरात आल्या. संध्याकाळी हे जेवायला बसले आणि भाताच्या पहिल्या घासाला मांडी झटकून उभे राहिले.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? तुझा उपास चाललाय आणि त्यांचं जेवण."

कडुनिंबाचं पाणी शिंपडलं. मीठ टाकलं, मग मिठाला पाणी सुटून जमीन चिकचिकली ती पुसत बसले. गोधड्यांचा गठ्ठा उन्हात घालायला काढला, तर ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला. अंगणात चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं उकळत होतं.

"तू आत जा. माळ ओढ," हे म्हणाले. "मी काय नेम घेतला नाय."

मी आत गेले. माळ हातात होती, कान बाहेर होते. गोधड्या पाण्यात पडल्याचा आवाज आला आणि मी एक मणी दोनदा ओढला.

मग सारवलं. शेणात माती जास्त घातली, भिंतीच्या कडेच्या भेगा बोटाने दाबून दाबून बुजवल्या. त्या भेगांत काय असेल हे मला माहीत होतं. सारवणं म्हणजे मारणं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. सांगता सांगता भेगा मात्र नेहमीपेक्षा जास्त घट्ट बुजवत होते. हात धुतले तरी नखांत शेण राहिलं होतं, ते कितीतरी वेळ काडीने कोरत बसले.

तरी सकाळी खोलीत पाय ठेवला की घोट्याला टोचायचंच.

ललितापंचमीच्या सकाळी अखंड दिव्यात तेल घालायला वाकले. आमचा अखंड दिवा परातीत असतो आणि परातीत पाणी. मुंग्या तेलाच्या वासाने येतात आणि दिव्यात पडून मरतात, तशा मरू नयेत म्हणून माझ्या सासूबाई पाणी ठेवायच्या, म्हणून मीही ठेवते. आदल्या दिवशी घालताना थोडं तेल पाण्यावर सांडलं होतं, त्याचा पातळ तवंग आला होता. त्या तवंगात काळे ठिपके दिसले. मला वाटलं काजळी पडली. बोटाने बाजूला सारायला गेले तर एका ठिपक्याचा पाय हलला.

पिसवा होत्या. माजघरात आलेल्या. अंधारात एकच उजेड, एकच ऊब, तिकडे उड्या मारत गेल्या आणि पाण्यात पडल्या. तेल अंगाला लागलं की त्यांना परत उडी मारता येत नव्हती.

मुंग्या वाचाव्यात म्हणून ठेवलेलं पाणी, आणि देवीच्या समोर, देवीच्याच दिव्याखाली हे. मला रडू येईल असं वाटलं. पण आलं ते दुसरंच. मी चटकन मान वळवून कुडाकडे बघितलं, पलीकडे अक्षदाची खोली होती, आणि मला वाटलं: तिथे का नाही?

तो विचार आला आणि मी अंगणात निघून गेले. तुळशीला पाणी घातलं. ते मघाशीच घातलेलं होतं.

साईनाथला सांगितलं तर तो खूष. "आई, भारी! हा तर ट्रॅप झाला. तिकडंपण लाव ना एक."

"नाही."

"का?"

"ते मारणं आहे."

"आणि इथं झालं ते?"

"ते मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना? मग इथलं पाणी काढशील उद्यापासून?"

पाणी काढलं तर मुंग्या दिव्यात जाणार. तो डबा घेऊन कामावर गेला आणि मला दिवसभर घरात जागा पुरेना. साबुदाणा भिजवला आणि विसरले. भात कापणीला आलाय का बघायला शेतावर गेले आणि बांधावर न थांबताच परत फिरले. खोलीत साधा दिवा लावायला काय हरकत आहे, असं एकदा मनात आणून बघितलं. खोलीत उजेड असावा, शुभ असतं. मग परात कशाला? मुंग्यांसाठी. पण त्या खोलीत मुंग्या नव्हत्या, आणि देवही नव्हता. आपल्याशीच खोटं बोलायचं तर निदान जमेल असं तरी बोलावं.

संध्याकाळी हे म्हणाले, "उगाच येरझारा घालू नको. तू नको लावू. दिवा मी लावतो. परत तेच, मी नेम घेतला नाय."

त्यांनी खरंच परात हातात घेतली होती. मी ती घेतली.

"नको," मी म्हटलं. "गोधड्या तुम्ही केल्यात तेव्हा मी आत बसले आणि सगळं ऐकत होते. तेच वाईट होतं. माझ्या पोरीसाठी आहे, तर मीच लावणार."

देवीपुढे गेले. नमस्कार केला आणि जे होतं ते सांगितलं. पलीकडे दिवा लावते आहे, तो तुझा नाही. माझा आहे. त्याचं जे काही होईल ते माझ्याकडे लाव, पोरीकडे नको. क्षमा मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करणार होते, मग क्षमा कुठल्या तोंडाने मागायची?

परातीत पाणी घेतलं, पाण्यावर तेलाचे थेंब सोडले, मधे पणती ठेवली. पहिली काडी विझली, दुसरीने पेटवली.

सकाळी परात काळी होती. ते पाणी तुळशीत घातलं नाही, दूर कुंपणापाशी ओतलं. परात राखेने घासली. संध्याकाळी पुन्हा लावला. सप्तमीच्या सकाळी पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. मी त्या आनंदात खोलीत खाट नीट लावली, चादर घातली, पेटी सरकवली, ये-जा केली, आणि दुसऱ्या दिवशी परात पुन्हा काळी. अष्टमी आली होती.

पण मग लक्षात आलं. पहिल्या दिवशीही असंच झालं होतं. खोली निजली की त्या निजतात, कुणी वावरलं की जाग्या होतात. म्हणजे अजून कुठेतरी कोपऱ्यात, मातीत, निजलेल्या आहेत. दसऱ्याला रंभाबाई येऊन बसतील, अक्षदा चालेल-फिरेल, तेव्हा उठतील.

मी रोज तुळशीला प्रदक्षिणा घालते. त्या दिवशी तुळशीच्या झाल्यावर खोलीत गेले, दार लोटलं, आणि माळ हातात घेऊन खोलीला प्रदक्षिणा घालायला लागले. अनवाणी, टाचा आपटत. भिंतीच्या कडेने, खाटेभोवती, कोपऱ्यात थांबून पाय दाबून. तोंडात नाम. चावलं तरी थांबायचं नाही. अष्टमीला, नवमीला, सकाळ-दुपार तेच. नामाने त्यांना उठवत होते आणि दिव्याने… हे लिहितानाही मला ते पूर्ण लिहवत नाही. ह्यांनी एकदा दारातून डोकावून बघितलं, काही थट्टा करणार होते, पण माझ्या पायांकडे बघून तसेच मागे गेले आणि खोबरेल तेलाची बाटली आणून उंबऱ्यावर ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी परातीत काही नव्हतं. मी दोनदा उजेडात नेऊन बघितली. घट उठवला, घटातले अंकुर देवीला वाहिले, तोरण बांधलं.

दुपारी गाडी आली. अक्षदा उतरली तशी मी तिच्याकडे आधी बघितलंच नाही, रंभाबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात पिशवी होती. आत आल्या, देवीला हात जोडले, आणि थेट खोलीत जाऊन पिशवीतून पांढराशुभ्र टॉवेल काढला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर पाय पसरून बसल्या.

"विहीणबाई, खाटेवर बसा ना," मी म्हटलं.

"खाटेवर काय दिसणार? मला खालचं बघायचंय."

"आई, काय हे तुमचं!" अक्षदा लाजली आणि खाटेवर बसली. बसली ती भिंतीला टेकली, टेकली ती आडवी झाली. वर पंखा फिरत होता. बोलता बोलता, "आई, ह्या पंख्याचा आवाज येतो का गो रात्री…" एवढं म्हणाली आणि वाक्य अर्धंच राहिलं. तोंड उघडं, एक हात पोटावर, चपलासुद्धा पायात तशाच. मी त्या हळूच काढल्या.

"बघा," रंभाबाई हळू आवाजात म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आमच्याकडं दिवसा डोळा नाय लागत हिचा. मी सांगते झोप गो, तर भांडी घासायला बसते. मला वाटायचं, हिला झोपच नाय."

मी टॉवेलकडे बघत होते.

आणि ती आली. कुठून आली देव जाणे. पांढऱ्या टॉवेलवर, रंभाबाईंच्या टाचेपाशी, एक काळा ठिपका. आधी नव्हता, मग होता. मी रंभाबाईंकडे बघितलं. त्यांनीही तो बघितला होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. घोट्यापासून वर सगळे लाल फोड, खाजवून फुटलेले. मी पाय लुगड्याखाली घ्यायला गेले, पण त्यांनी बघितलं ते बघितलंच. मग खाटेवर, झोपलेल्या सुनेकडे.

त्यांचं बोट ओठाला लागलं, ओलं झालं आणि खाली आलं. ठिपका बोटाला चिकटला. दोन अंगठ्यांच्या नखांमधे, एक बारीक टक असा आवाज.

"काय झालं?" दारात आपट्याची पानं घेऊन हे उभे होते.

"काय नाय," रंभाबाई नखं पदराला पुसत म्हणाल्या. "तीळ होता." त्या उठल्या, टॉवेल झटकून घडी केला. "मी निघते. तिला उठवू नका. ओटीचं सामान पिशवीत आहे, जाग आली की तुमीच भरा." दारापाशी थांबून त्यांनी कोपऱ्यातल्या परातीकडे बोट केलं. "ते चालू ठेवा. आणि मला पिसवांचा फोन करू नका."

"बरं," मी म्हटलं.

अक्षदा तिन्हीसांजेला उठली. उठल्या उठल्या घाबरली, किती वाजले, आई गेल्या का, भांडी पडलीत का. मग खोली ओळखीची झाली तशी पुन्हा पडून राहिली. मी परातीत पाणी घेतलं होतं, तेल सोडत होते.

"आई, इथं कशाला दिवा? देव तर पलीकडं आहेत."

"असू दे. तुझ्यासाठी आहे."

मी काडी ओढली. वात पेटली तशी तिने सवयीने हात जोडायला घेतले.

"नको गो," मी म्हटलं. "ह्याला नको."

ती हसली, काही न विचारता भिंतीकडे वळली, आणि पुन्हा तिचा डोळा लागला. नवरात्र उठलं होतं, चपला घालायला आता हरकत नव्हती. मी अनवाणीच उठले आणि तिला जाग येऊ नये अशा बेताने, पण प्रत्येक पाऊल दाबून, खाटेभोवती फिरायला लागले.